विषाचा पेला आणि भोवतालचे चेहरे : नीरोच्या दरबारावरील एकांकिका कशी लिहावी आणि बसवावी

ऐतिहासिक एकांकिकेसाठी विषय शोधणाऱ्या सोलापुरातील हौशी नाट्यमंडळींनी इ. स. ५५ च्या फेब्रुवारी महिन्यातील रोमच्या राजवाड्याकडे एकदा अवश्य पाहावे, असे मला मनापासून वाटते. मृत सम्राट क्लॉडियसचा सख्खा मुलगा ब्रिटानिकस, चौदावा वाढदिवस अगदी तोंडावर आलेला असताना, सावत्र भाऊ आणि नवा सम्राट नीरो याच्या डोळ्यांदेखत भर पंगतीत कोसळला आणि मेला. सारा प्रसंग एका दालनात, एका जेवणात घडतो. एकांकिकेला लागणारी स्थळकाळाची बांधणी इतिहासाने येथे आयतीच दिली आहे. या कथेचे नाट्य विषात फारसे नाही; मुलगा कोसळल्यानंतर भोवतालच्या माणसांनी आपापले चेहरे कसे सांभाळले, यात ते आहे. संहितेपासून प्रकाशयोजनेपर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर पारखून घ्यावा.

लिहायला बसल्यावर पहिला मोह होतो तो सगळेच दाखवण्याचा. इ. स. ४८ मध्ये सम्राज्ञी मेसालिनाचा वध, ५४ मध्ये क्लॉडियसचा मृत्यू, ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईचा करवलेला खून, ६२ मध्ये पत्नी ऑक्टेव्हियाची हत्या आणि ६८ मध्ये त्याची आत्महत्या, अशी ही वीस वर्षांची साखळी आहे. ती तासाभरात कोंबली, तर प्रेक्षकांना केवळ प्रेते मोजायला मिळतील. रंगमंचावर दोनच जेवणे ठेवावीत: ५४ च्या डिसेंबरमधील सॅटर्नेलिया सणाची पंगत आणि त्यानंतर काही आठवड्यांनी झालेले ते शेवटचे जेवण. बाकीचे सारे पात्रांच्या बोलण्यातून, तेही गरजेपुरतेच यावे.

नातेसंबंध मात्र पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट झाले पाहिजेत. मेसालिनापासून क्लॉडियसला ऑक्टेव्हिया आणि ब्रिटानिकस ही दोन मुले होती. तिच्या वधानंतर त्याने ४९ मध्ये अग्रिपिनाशी लग्न केले. ती त्याचा भाऊ जर्मानिकस याची मुलगी, म्हणजे सख्खी पुतणी होती आणि या लग्नासाठी सिनेटला मुद्दाम ठराव करून मार्ग मोकळा करावा लागला. आपल्याकडे ही बाब विशेष जपून मांडावी लागते. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड भाषिक घरांशी आपला रोजचा संबंध असतो आणि त्यांपैकी अनेक घरांत मामा-भाचीचे लग्न रूढ आहे, त्यामुळे नाते नुसते ओझरते सांगितले तर प्रेक्षकांना त्यात वावगे काही वाटणार नाही. काकाने पुतणीशी लग्न केले हे ठसठशीतपणे आले, तरच रोमन लोकांना बसलेला धक्का इथल्या प्रेक्षागृहापर्यंत पोहोचेल. पुढे ५० मध्ये क्लॉडियसने अग्रिपिनाच्या आधीच्या नवऱ्यापासून झालेल्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव नीरो ठेवले. ५३ मध्ये ऑक्टेव्हियाचे लग्न त्याच्याशी लावण्यात आले. म्हणजे शेवटच्या जेवणात ऑक्टेव्हियाच्या एका बाजूला नवरा आहे आणि समोर मरणारा सख्खा भाऊ आहे.

यानंतरचे काम म्हणजे मत्सराला कारण देणे. आपल्या ऐतिहासिक नाटकांतील कपटी राणी पुष्कळदा जन्मतःच कपटी असते आणि त्यामुळे ती उथळ वाटते. अग्रिपिनाच्या बाबतीत तसे करण्याचे कारणच नाही. तिची आई हद्दपारीत मेली. तिचा भाऊ ड्रुसस याला राजवाड्यातच कोंडून उपाशी मारण्यात आले आणि अखेरच्या दिवसांत त्याने गादीतला भरणा चावून खाल्ला, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. दुसरा भाऊ कॅलिग्युला सम्राट झाल्यावर त्याने तिलाच हद्दपार केले. राजघराण्यात सत्तेबाहेर राहिलेल्या माणसाचे काय होते, हे तिने घरातच पाहिले होते. शिवाय रोममध्ये सम्राटपदाच्या वारसाचा लेखी कायदा नव्हता. नीरो वयाने तीन वर्षांनी मोठा, कायद्याने मुलगा आणि आईकडून पहिला सम्राट ऑगस्टस याच्या थेट वंशातला होता, तर ब्रिटानिकस क्लॉडियसच्या रक्ताचा होता. दोन्ही दावे खरे होते, म्हणून दोघांपैकी एकजण जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला निर्धास्त झोप नव्हती. ही भीती संहितेत मुरली की मत्सर वेगळा रंगवावा लागत नाही.

पात्रे सहा-सातच ठेवावीत: नीरो, अग्रिपिना, ब्रिटानिकस, ऑक्टेव्हिया, संरक्षक दलाचा प्रमुख बुरस, पेय चाखणारा सेवक आणि ब्रिटानिकसचा सवंगडी टायटस. हा टायटस पुढे ७९ मध्ये स्वतः सम्राट झाला. तो त्या वेळी शेजारीच होता आणि त्यानेही तो पेला चाखल्याने दीर्घकाळ आजारी पडला, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. तेव्हा प्रसंगाचा निरागस साक्षीदार म्हणून तो फार उपयोगी पडतो. तत्त्वज्ञ सेनेकाला माझ्या मते सरळ गाळावे, कारण तो आला की त्याचे विचारही येतात आणि लेखक त्यांच्या मोहात पडतो. विष तयार करणारी लोकुस्टा हीदेखील रंगमंचावर नसावी. सुएटोनियसच्या म्हणण्याप्रमाणे तिचे विष आधी करडावर आणि मग डुकरावर तपासले गेले. हा तपशील दाखवावासा वाटेल, पण तो दाखवल्यावर पुढच्या प्रवेशात शंकेला जागा उरत नाही. काही आधुनिक अभ्यासकांना तर हा मृत्यू खरोखर अपस्माराच्या झटक्याने झाला असावा असे वाटते. पंगतीतल्या माणसांना ठाऊक नव्हते, तेवढेच प्रेक्षकांनाही ठाऊक नसावे.

पहिल्या पंगतीत चिठ्ठी टाकून नीरो सणाचा राजा ठरतो, इतरांना हलकीसलकी कामे सांगतो आणि ब्रिटानिकसला मात्र मध्यभागी उभे राहून गाणे म्हणायला लावतो. मुलगा भांबावेल आणि हसे होईल, ही त्याची अपेक्षा. ब्रिटानिकस शांतपणे असे गाणे म्हणतो की ज्यात वडिलांच्या घरातून आणि सत्तेतून बाहेर काढल्या गेल्याचे दुःख आहे आणि सगळी पंगत हळहळते. हे गाणे नव्याने लिहावे. ओवीच्या अंगाने जाणाऱ्या चार-सहा ओळी पुरतात. शाहीर राम जोशींच्या या गावात डफ-तुणतुण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण येथे कोणतेही वाद्य नको. गळा कच्चा असला तरी चालेल, किंबहुना मिसरूड न फुटलेल्या मुलाचाच आवाज असावा. नीरो या वेळी जेमतेम सतरा वर्षांचा आहे, हेही पात्रनिवड करताना ध्यानात ठेवावे. दाढीमिशीचा धिप्पाड नीरो घेतला की ही एका घरातल्या दोन पोरांची गोष्ट आहे, हे कोणाच्या मनावर ठसणार नाही.

शेवटच्या जेवणाच्या तालमीला निम्म्याहून अधिक वेळ द्यावा. मोठी माणसे डाव्या कोपरावर टेकून पहुडलेली असतात, तर राजघराण्यातील मुले जुन्या रिवाजाप्रमाणे वेगळ्या, साध्या मेजाशी बसलेली असतात आणि त्यांच्यावर वडीलधाऱ्यांची नजर असते. पहुडण्यासाठी दीड फूट उंचीचे प्लॅटफॉर्म, त्यांवर गाद्या आणि लोड-तक्के पुरेसे आहेत. मात्र आडवे होऊन बोलताना आवाज पोटातून निघत नाही, म्हणून नटांनी पहिल्या दिवसापासून त्याच अवस्थेत संवाद म्हणावेत. मुलांचे मेज प्रेक्षकांच्या उजव्या हाताला, पुढे असावे आणि पहुडलेल्या सर्वांची तोंडे त्या दिशेला असावीत, म्हणजे मुलगा पाठमोरा पडला तरी भोवतालचे चेहरे प्रेक्षकांना दिसत राहतील.

पेल्याचा क्रम चुकवू नये. सेवक गरम पेय चाखतो आणि पेला ब्रिटानिकसला देतो. ते फार गरम आहे म्हणून तो परत करतो. मग त्यात थंड पाणी ओतले जाते आणि विष त्या पाण्यात असते. चाखणाऱ्याला वगळले असते तर संशय आला असता आणि त्याने विष चाखले असते तर दोघेही मेले असते, म्हणून ही वाट काढली गेली. प्रेक्षकांना वाफ दिसली पाहिजे. त्यासाठी मागे आडोशाला वेगळे भांडे ठेवून त्यावर बाजूने प्रकाश टाकावा. मुलाच्या हातातले पाणी कोमटच असावे.

तो घोट घेतो आणि त्याचा श्वास व आवाज एकदमच जातो. टॅसिटस सांगतो की, शेजारचे काहीजण घाबरून पांगले, पण ज्यांना खरे उमगले होते ते जागच्या जागी खिळून नीरोकडे पाहत राहिले. नीरो उठतसुद्धा नाही. संहितेत त्याच्या तोंडी एवढेच द्यावे: “काही झालेले नाही. लहानपणापासून त्याला फेफरे येते. शुद्धीवर येईल, जेवण चालू द्या.” अग्रिपिनाने चेहरा आवरला, तरी क्षणभर भीती दिसलीच आणि तिला यातले काही माहीत नव्हते हे कळून चुकले. थोड्याच काळापूर्वी तिने याच ब्रिटानिकसला सैन्याच्या छावणीत नेण्याची धमकी नीरोला दिली होती, त्यामुळे आता आपल्या हातचे प्यादे गेले आणि पुढची पाळी कदाचित आपली, हे तिला तेथेच कळते. ऑक्टेव्हिया काहीच दाखवत नाही. दुःख, माया, सगळेच लपवायला ती त्या कोवळ्या वयात शिकली होती. या भूमिकेसाठी सर्वांत समर्थ अभिनेत्री निवडावी, कारण तिला रडायचे नाही, हात थरथरू द्यायचा नाही आणि तरीही शेवटच्या रांगेला सारे समजले पाहिजे. थोड्या शांततेनंतर पंगत पुन्हा सुरू झाली. पहिला घास कोण उचलतो, हे दिग्दर्शकाने आधीच ठरवावे. मी तो मान बुरसला देईन, कारण त्याच्या हाताखाली सैन्य आहे आणि त्याने घास घेतला म्हणजे सगळ्यांना आज्ञा मिळाली.

बोलण्यात पौराणिक थाटाची संस्कृतप्रचुर भाषा टाळावी. घरात नीरोने अग्रिपिनाला “आई” आणि ब्रिटानिकसने ऑक्टेव्हियाला “ताई” म्हणावे. चारचौघांत मात्र नीरोला सर्वांनी, त्याच्या आईनेसुद्धा, “अहो-जाहो” करावे. ५१ मध्ये ब्रिटानिकसने भर भेटीत नीरोला दत्तक नावाऐवजी जुन्या “डोमिशियस” या नावाने हाक मारली होती आणि अग्रिपिनाने तेवढ्यावरून मोठे प्रकरण केले होते. शेवटच्या पंगतीत ती हाक पुन्हा एकदा यावी.

कपड्यांच्या बाबतीत आपले गाव भाग्यवान आहे. सोलापुरी चादर मात्र टोग्यासाठी, म्हणजे रोमन पुरुष अंगाभोवती गुंडाळत त्या वस्त्रासाठी, घेऊ नये. तिचे जकार्ड विणकाम जाड असते आणि खांद्यावरून घड्या मऊ पडत नाहीत. पूर्व भागातील यंत्रमागवाल्यांकडून न धुतलेला, बिनकाठाचा सुती तागा घ्यावा आणि एक कडा अर्धवर्तुळाकार कापून घ्यावी. मुलाच्या टोग्याला जांभळट किनार लावावी, प्रौढाचा साधा पांढरा असावा. नीरोला तेराव्या वर्षीच प्रौढाचा टोगा देण्यात आला होता आणि खेळांच्या वेळी दोघांना मुद्दाम वेगळ्या पोशाखांत लोकांपुढे आणले गेले होते, म्हणून कपड्यातला हा फरक कथेचाच भाग आहे. भांड्यांचे घाट ठरवण्यापूर्वी नेपथ्यकाराने तेरच्या लामतुरे संग्रहालयात एक दिवस घालवावा. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात तेथून भडोचच्या बंदराकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे आणि पूर्वेच्या चैनीपायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ही रोमन नाणी हिंदुस्थानात जातात, अशी तक्रार त्याच शतकात रोमन लेखक प्लिनीने केली आहे.

प्रयोगाची तारीख ठरवण्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. मंजूर प्रतीत नंतर संवाद वाढवता येत नाहीत, म्हणून पहुडलेल्या अवस्थेतील किमान एक पूर्ण तालीम झाल्यावरच ती पाठवावी, कारण आडवे होऊन जे म्हणता येत नाही, ते लेखकाला तोवर कापावेच लागलेले असते.