एसएमबीघोस्ट: क्लायंटच्या बाजूचा बंदोबस्त कसा करावा

मार्च २०२० मध्ये उघड झालेली ‘एसएमबीघोस्ट’, म्हणजे सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२०-०७९६ या क्रमांकाने नोंदलेली, ही त्रुटी बहुतेकांना फाइल सर्व्हरची म्हणून ठाऊक आहे. परंतु शेअर केलेले फोल्डर उघडणारा विंडोजचा क्लायंटही तिच्या कक्षेत येतो. एसएमबी ३.१.१ (नेटवर्कवरून फाइल शेअर करण्याची विंडोजची पद्धत) मधील कॉम्प्रेस केलेला संदेश उलगडताना त्यातील आकारांची बेरीज न तपासता केली जात असे. ती ३२ बिटांत मावली नाही, की गरजेपेक्षा लहान बफर (मेमरीतील तात्पुरती जागा) राखला जाई आणि त्याबाहेरची मेमरी खराब होई. क्लायंटच्या बाबतीत हल्लेखोर आपला सर्व्हर मांडून बसतो आणि वापरकर्त्याने त्याला जोडून घ्यावे एवढीच वाट पाहतो.

प्रथम ‘विनव्हर’ ही आज्ञा चालवून विंडोजची आवृत्ती पाहावी. ती विंडोज १० ची १९०३ किंवा १९०९ असेल आणि बिल्ड अनुक्रमे १८३६२.७२० किंवा १८३६३.७२० पेक्षा जुनी असेल, तर संगणक असुरक्षित आहे. १२ मार्च २०२० रोजी आलेल्या केबी४५५१७६२ या अपडेटने त्रुटी बुजवली. मात्र या दोन्ही आवृत्त्यांचा आधार केव्हाच संपलेला असल्यामुळे आज नव्या आवृत्तीवर जाणेच शहाणपणाचे.

अपडेट लगेच शक्य नसल्यास अनेक जण रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) ‘लॅनमनसर्व्हर’खालील ‘पॅरामीटर्स’मध्ये ‘डिसेबलकॉम्प्रेशन’ला १ ही किंमत देतात आणि निर्धास्त होतात. हा उपाय केवळ सर्व्हरपुरता आहे, क्लायंटला त्याचे काडीचेही संरक्षण नाही, हे मायक्रोसॉफ्टने तेव्हाच स्पष्ट केले होते.

क्लायंटसाठी बाहेर जाणारी वाट अडवावी लागते. कार्यालयाच्या सीमेवरील फायरवॉलमध्ये इंटरनेटकडे जाणारे टीसीपी ४४५, म्हणजे एसएमबी वापरते ते पोर्ट, बंद करावे. सामान्य कार्यालयाला ते बाहेर लागतच नाही. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपसाठी विंडोज फायरवॉलच्या प्रगत खिडकीत ‘आउटबाउंड रूल्स’मध्ये नवा नियम करून ‘पोर्ट’, ‘टीसीपी’, दूरस्थ पोर्ट ४४५ आणि ‘ब्लॉक’ निवडावे, व प्रोफाइलच्या (नेटवर्कच्या प्रकाराच्या: ‘डोमेन’, ‘प्रायव्हेट’, ‘पब्लिक’) पानावर केवळ ‘पब्लिक’वर खूण ठेवावी. तिन्ही प्रोफाइलना नियम लावल्यास कार्यालयातील फाइल सर्व्हरही तुटतो, आणि मग वेगळा परवानगीचा नियम जोडूनही सहसा उपयोग होत नाही, कारण विंडोज फायरवॉलमध्ये मनाई परवानगीवर मात करते. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून ते नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणूनच नोंदले गेले आहे ना, हे सेटिंग्जमध्ये पाहावे. ‘प्रायव्हेट’ निवडले गेले असेल, तर हा नियम तेथे लागूच होत नाही.