इंदूरच्या थंडीसाठी आणि काळ्या मातीसाठी गाडीचा टायर कसा निवडावा

दिवाळी आटोपली, हवा कोरडी झाली की इंदूरच्या जीपा आणि एसयूव्ही शहराबाहेर पडू लागतात. चोरल, तिंछा, जानापाव, जाम गेट, मांडू, नाहीतर कुणाच्या तरी शेतावर. टायर बदलायचा विचारही याच सुमारास होतो, आणि दुकानात पहिलं वाक्य असतं, "सगळ्यात मजबूत टायर द्या." मजबूत कशासाठी, हे आधी ठरवून जा. चिखलात मजबूत ठरणारा टायर डांबरावर लवकर झिजतो आणि बर्फासाठी बनवलेला टायर आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही.

पायरी १: गाडी खरंच कुठे चालते ते पाहा

महिनाभराचा हिशेब मांडा. बहुतेकांची गाडी विजयनगर ते राजवाडा, मग देवास किंवा उज्जैन, आणि एखाद्या रविवारी कच्चा रस्ता अशी फिरते. टायरचे ढोबळ तीन प्रकार आहेत. एचटी म्हणजे हायवेचा: शांत चालतो, पेट्रोल-डिझेल कमी खातो, पण दगडावर दमतो. एटी डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीकडे चालतो. एमटी म्हणजे मोठ्या बटणांचा (रबराच्या ठोकळ्यांचा), चिखलाचा टायर. तो दिसायला रुबाबदार असतो, म्हणूनच अनेकांना भुरळ घालतो. पण त्याची बटणं एकमेकांपासून दूर दूर असल्यामुळे ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं. शिवाय आवाज करतो तो वेगळाच. कच्चा रस्ता निम्म्याहून कमी असेल तर माझं स्पष्ट मत आहे: एटीच घ्या. गाडी कच्च्यावर कधीच जात नसेल तर एचटी पुरेसा आहे.

पायरी २: आपल्या जमिनीचा विचार करा

माळव्याचं पठार बेसाल्टचं आहे. विंध्याचा उतार सुरू झाला की हाच खडक फुटून धारदार कडांचे दगड रस्त्यावर येतात. जाम गेटच्या आसपास किंवा चोरलकडच्या कच्च्या वाटांवर टायर मधून फाटत नाही, बाजूने कापला जातो. मधलं पंक्चर काढता येतं. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, कट लागला, किंवा आतले धागे तुटून फुगा आला, तर टायर बदलण्याशिवाय इलाज नाही. म्हणून टिकाऊपणा पाहताना आधी साइडवॉल पाहा. तिथे किती थर आहेत ते टायरवरच कोरलेलं असतं. साध्या टायरला बहुधा एक किंवा दोन थर असतात, काही दणकट एटी-एमटी टायरना तीन. नक्षी खांद्यावरून खाली साइडवॉलपर्यंत उतरलेली असेल तर आणखी चांगलं, कारण दगड आधी त्या जाड रबराला लागतो.

दुसरी अडचण काळ्या मातीची. कोरडी असली की ती सिमेंटसारखी कडक होते, पण मावठा पडला किंवा गव्हाला सोडलेलं पाणी वाटेवर आलं की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतं. इथे रुंद, मोकळ्या खाचा लागतात, म्हणजे फिरता फिरता माती बाहेर फेकली जाते. ज्यांचं शेत आडरस्त्याला आहे आणि रोज तिथे जाणं आहे, त्यांनी एमटी जरूर घ्यावा. त्यांच्यासाठीच तो बनलेला आहे.

पायरी ३: कोणता हिवाळा, ते ठरवा

इंदूरची थंडी म्हणजे पहाटेचा गारठा, दव आणि अधूनमधून धुकं. त्याला वेगळा विंटर टायर लागत नाही. चांगली खोल नक्षी आणि बरोबर हवा पुरते.

डिसेंबर-जानेवारीत मनालीच्या पुढे किंवा स्पितीकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तापमान साधारण ७ अंशांखाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि पकड घटते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक काप असतात, ते बर्फ धरतात. साइडवॉलवर ‘एम प्लस एस’ लिहिलेलं पाहून समाधान मानू नका. ते कंपनीचं स्वतःचं म्हणणं असतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण पाहा. ती बर्फावरची चाचणी पार केल्यावरच मिळते. काही एटी टायरवरही ती असते, आणि वर्षातून एकदा हिमालयात जाणाऱ्यासाठी तोच उत्तम मार्ग. निव्वळ विंटर टायर आपल्या चाळीस अंशांच्या उन्हात भराभर झिजतो. रस्त्यावर बर्फ गोठून काच झालेली असेल तर मात्र कोणताही एटी पुरत नाही, चाकांवर चढवायची चेन सोबत हवीच.

पायरी ४: साइडवॉल वाचा

थारच्या एका टायरवर २५५/६५ आर १८ असं लिहिलेलं असतं: रुंदी २५५ मिलीमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १८ इंची. पुढचा आकडा भार सांगतो (११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो) आणि अक्षर वेग सांगतं (एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर). मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा कमी नको.

मग तारीख पाहा. साइडवॉलवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधीकधी दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला असतो. जी जीप फक्त सुट्टीला निघते तिची नक्षी शाबूत असते, पण रबराला बारीक तडे जातात. पाच-सहा वर्षं झाली की ते जरूर तपासून घ्या. आयएसआयचा शिक्काही पाहा.

पायरी ५: बसवताना आणि नंतर

थार किंवा जिम्नीसारख्या फोर बाय फोर गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. दोन नवे, दोन जुने असं केलं तर चाकांचा घेर बदलतो आणि फोर व्हील लावल्यावर गिअरांवर ताण येतो. जमलं तर स्टेपनीसकट पाच घ्या आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. नक्षीत १.६ मिलीमीटर उंचीच्या खुणा असतात. रबर तिथवर आलं की कायद्याने टायर संपला. ओल्या मातीत जाणाऱ्याने तोवर थांबू नये, त्याची पकड बरीच आधी गेलेली असते.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजा. तापमान पाच-सहा अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) उतरते. दुपारी पंपावर भरलेली हवा पहाटे दोन-तीन पीएसआय कमी दिसते ती यामुळे. चिखलात किंवा भुसभुशीत मातीत हवा २० पीएसआयच्या आसपास उतरवली तर टायर पसरतो आणि गाडी निघते. धारदार दगडांवर मात्र इतकी उतरवू नका, साइडवॉल बाहेर फुगतो आणि आधी तोच कापला जातो. आणि हवा उतरवणाऱ्याकडे बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर असलाच पाहिजे. कमी हवेवर वेगाने पळालेला टायर तापून फुटतो, म्हणून गाडी डांबरावर चढवण्याआधी चारही चाकांत हवा पूर्ववत भरून घ्या.