जहाज ल हाव्रला लागते तेव्हा

युरोपातील क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ल हाव्र (पॅरिस)’ असे छापलेले असते आणि कंसातल्या त्या एका शब्दापायी अनेकांचा दिवस बसमध्ये जातो. ल हाव्र हे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे बंदर; पॅरिस तिथून सुमारे २०० किलोमीटर दूर आहे. जाण्यायेण्यातच पाच-सहा तास मोडतात आणि आयफेल टॉवरपुढे घाईघाईने फोटो काढून परत फिरावे लागते. चित्रांची आवड असेल तर त्या दिवशी ल हाव्रमध्येच राहावे, असे मी ठाण्यातल्या ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. या शहराच्या बंदराच्या तोंडाशीच म्युमा, म्हणजे फ्रेंच लेखक आणि संस्कृतिमंत्री आंद्रे माल्रो यांच्या नावाचे आधुनिक कला संग्रहालय आहे आणि इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा बदलता उजेड टिपू पाहणाऱ्या, चित्रांच्या फ्रान्समधल्या मोठ्या संग्रहांपैकी एक तिथे आहे.

तिकीट काढण्यापूर्वी जहाज कोणत्या वारी ल हाव्रला लागणार ते पाहावे. म्युमा सोमवारी बंद असते आणि फ्रान्समधली बहुतेक संग्रहालये सोमवारी किंवा मंगळवारी दार लावून घेतात. आपल्याला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातील बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतोच. पण जहाज इंग्लंडहून सुटून तिथेच परतणार असेल, तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो आणि त्यावर पुन्हा प्रवेशाची मुभा आहे ना, हे आधीच तपासावे.

एक तयारी मात्र कोणी करत नाही, ती पायांची. जाण्याच्या महिनाभर आधी एखाद्या दिवशी ठाण्याहून सकाळची लोकल पकडून सीएसएमटीला उतरावे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, टाटा कुटुंबाच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे जिथे लावली आहेत त्या दालनात, दोन तास काढावेत. आपण न कंटाळता किती वेळ उभे राहू शकतो, चष्मा कितीदा बदलावा लागतो आणि नवऱ्याला किंवा बहिणीला चहाची आठवण कधी होते, हे सगळे तिथे कळते. आमच्या घरी ही मर्यादा दीड तासाची निघाली, म्हणून ल हाव्रचा बेतही तेवढाच आखला.

उतरताना जहाजाचे कार्ड, ओळखपत्र आणि पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेवावी. मोठी सॅक घेऊ नये, कारण ती संग्रहालयात बाहेर ठेवावी लागते. वारा उन्हाळ्यातही बोचरा असतो, म्हणून पातळ विंडचीटर हवाच. घड्याळाचा घोळ सर्वांत महत्त्वाचा. इंग्लंडहून आलेली काही जहाजे आपली वेळ बदलत नाहीत आणि फ्रान्सची वेळ तासाने पुढे असते. आमच्या भावोजींचे घड्याळ जहाजाच्या वेळेवर आणि माझा मोबाइल फ्रान्सच्या वेळेवर, त्यामुळे जेवणावरून चांगलाच वाद झाला. जहाजावर परतायची वेळ कागदावर लिहून ती कोणत्या घड्याळाची आहे, हेही शेजारी लिहावे.

आता प्रत्यक्ष संग्रहालय. सप्टेंबर १९४४ च्या बॉम्बफेकीत जुने शहर आणि तिथले जुने संग्रहालय जमीनदोस्त झाले. पुढे वास्तुविशारद ऑग्युस्त पेरे यांच्या देखरेखीखाली काँक्रीटचे नवे शहर उभे राहिले आणि २००५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आजची काचेची इमारत १९६१ ची आहे. आत समुद्राचा उजेड येतो, आणि भिंतीवरच्या चित्रातले बंदर व काचेपलीकडचे बंदर एकाच वेळी दिसते. इम्प्रेशनिस्ट चित्रकार क्लोद मोने यांचे ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ हे चित्र १८७२ मध्ये याच बंदरावर काढलेले असले, तरी ते इथे नसून पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात आहे; ते शोधत दालनांतून फिरू नये.

प्रथम कुठेही न थांबता वीस मिनिटांत सगळे पाहून घ्यावे, मग तीनच चित्रे निवडून त्यांच्याकडे परतावे. माझ्या मते पहिला मुक्काम युजेन बुदँ यांच्यापाशी करावा. १८२४ मध्ये समोरच्या ओंफ्लरला जन्मलेल्या आणि तरुण मोनेला उघड्यावर बसून रंगवायला लावणाऱ्या या चित्रकाराची दोनशेहून अधिक कामे इथे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी लहानखुरी टिपणे आहेत. दोन हात अंतरावरून गाय दिसते. नाक लावून पाहिले तर तपकिरी रंगाचे तीन-चार फटकारे उरतात, बाकी सगळे आभाळ. पेस्टलने, म्हणजे रंगखडूने, काढलेल्या आकाशांवर बुदँ तारीख, वेळ आणि वारासुद्धा लिहून ठेवत. मृगाच्या आधी ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी उभे राहून ज्याने दर पाच मिनिटांनी बदलणारे ढग पाहिले आहेत, त्याला ही नोंदवही ओळखीची वाटेल.

दुसरा मुक्काम इम्प्रेशनिस्ट चित्रकार कामिय पिसारो यांचा. १९०३ च्या उन्हाळ्यात हॉटेलच्या खिडकीतून त्यांनी हे बंदर रंगवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. धक्क्यावरची माणसे ठिपक्याएवढी आहेत, तरी कोण घाईत आहे आणि कोण रेंगाळत आहे हे ओळखू येते. त्यासाठी बाकावर बसून दहा मिनिटे द्यावीत. तिसरे चित्र ज्याचे त्याने निवडावे. फ्लॅश वापरू नये, आणि फोटो काढायचाच असेल तर पाहून झाल्यावर काढावा.

जहाजावर परतायच्या वेळेला दीड तास उरला की निघावे, कारण शटल बसची रांग कोणाच्या हातात नसते. तरी दारासमोरच्या अँरी-जॉर्ज आदाँ यांच्या ‘सिग्नल’ या प्रचंड काँक्रीटच्या शिल्पाजवळ पाच मिनिटे थांबावे. डोळ्यासारख्या त्याच्या पोकळीतून समुद्र दिसतो, आणि आमच्या नशिबाने तेव्हा एक मालवाहू जहाज त्यातून सावकाश सरकत गेले.