कायोटच्या शिकारीची तयारी: छोट्या रायफलचा पल्ला घरीच ठरवा

पश्चिम टेक्सासात सॅन अँजेलोच्या आसपासचा मुलूख मेंढ्या-बकऱ्यांचा. जानेवारी-फेब्रुवारीत कायोटच्या, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातल्या तिकडच्या रानटी जनावराच्या, जोड्या जमतात, त्याच सुमाराला बऱ्याच कळपांत कोकरं यायला लागतात, आणि मेंढपाळांची झोप उडते. डॅलस किंवा ऑस्टिनकडून कुणी मराठी माणूस या शिकारीला पहिल्यांदाच निघणार असेल, तर त्याने काय काय बघून निघावं ते इथे सांगतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या रायफलने किती यार्डांपर्यंतच गोळी झाडायची, हे घरी ठरवून निघायचं. जनावर समोर उभं राहिल्यावर हा निर्णय घ्यायला बसलात, तर तो बहुतेक वेळा चुकतो. गोळी पोचते ते अंतर वेगळं आणि जनावर जागच्या जागी मरेल याची खात्री असते ते अंतर वेगळं. छोट्या रायफलींत या दोन अंतरांमधली दरी फार मोठी असते.

कागदपत्रांपासून सुरुवात करू, कारण आपल्यातल्या अनेकांना इथेच अडचण येते. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. ही मनाई विकत घेण्यापुरती नाही. मित्राची रायफल खांद्याला लावली तरी तो प्रश्न उभा राहतो. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, म्हणजे हा अपवादही त्याच तारखेला संपतो, ही गोष्ट कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना टेक्सासात शिकारीचा प्रशिक्षणवर्गही करावा लागतो. कायोटला तिथे बंद हंगाम नाही. पण नियम राज्याप्रमाणे बदलतात. कॅलिफोर्नियात २०१९च्या जुलैपासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनात मेक्सिकन लांडगा आहे. तो संरक्षित आहे आणि लांबून कायोटसारखाच दिसतो. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याने कोल्ह्याला संरक्षण आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे नेऊन करायचं नाही.

आता एक पुठ्ठा घ्या, त्यावर आमटीची वाटी पालथी घाला आणि पेन्सिलीने गोल काढा. साधारण चार इंचांचा हा गोल म्हणजे तुमचं सावज. कायोट हिवाळ्यात केसांनी फुगलेला असतो, त्यामुळे चांगला थोराड वाटतो. प्रत्यक्षात तिकडचा मोठा कायोट पंचवीस ते पस्तीस पौंडांचा असतो, आणि हृदय-फुप्फुसांची जी जागा हमखास धरता येते ती पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या अर्ध्या भागात, एवढीच असते. पाठीच्या रेषेवरून नेम धरला तर गोळी नुसत्या केसांतून जाते. असे पुठ्ठे पाच-सहा करून ठेवा, पुढे लागतील.

मग रायफल. पॉइंट टू टू लाँग रायफल ही सगळ्यांकडे असते म्हणून तीच नेण्याचा मोह होतो. तिची चाळीस ग्रेनची गोळी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) शंभर यार्डांवर पोचते तेव्हा तिच्यात नव्वदच्या आसपास फूट-पाउंड, म्हणजे मारक ताकद, उरते. पन्नास यार्डांवर झिरो केली असेल, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली असेल, तर शंभरावर ती सहा-सात इंच खाली पडते, म्हणजे वाटीच्या बाहेरच. माझं स्पष्ट मत आहे की कायोटसाठी ही रायफल न्यायचीच नाही. कोंबड्यांच्या खुराड्याशी पंचवीस-तीस यार्डांवर आलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. सतरा एचएमआर २००२ साली आली आणि तिच्या सपाट उड्डाणामुळे लोकांना भुरळ पडली. पण सतरा ग्रेनच्या त्या गोळीत शंभर यार्डांवर एकशे पस्तीसच्या आसपास फूट-पाउंड असतात, आणि पातळ कवचाची असल्यामुळे ती खांद्याच्या हाडावर वरच्यावर फुटते. जनावर कोलमडतं, उठतं, आणि झुडपात जाऊन दोन दिवसांनी मरतं. ही रायफल न्यायचीच असेल तर वीस ग्रेनची जरा दणकट गोळी घ्या, जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच झाडा, आणि ऐंशी यार्डांवर रेघ ओढा. बावीस मॅग्नम जरा बरी. तिची चाळीस ग्रेनची गोळी शंभरावर दीडशेच्या आसपास फूट-पाउंड घेऊन जाते आणि आत शिरते. तिला शंभर यार्ड द्या, त्यापुढे नको.

इथवरच्या सगळ्या रिमफायर, म्हणजे काडतुसाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या. त्या सोडून सेंटरफायरकडे, म्हणजे मधोमध ठोका बसणाऱ्यांकडे, आलं की खरा फरक पडतो, पण तिथेही एक फसवी जागा आहे ती बावीस हॉर्नेटची. पस्तीस ग्रेनची गोळी नळीतून सुटते तेव्हा साडेसातशेच्या आसपास फूट-पाउंडची असते, आणि दोनशे यार्डांवर तीच दोनशेच्या आत आलेली असते. हलकी, आखूड गोळी हवेत फार लवकर थकते. हॉर्नेटवाल्याने दीडशेवर थांबावं. दोनशे तेवीस रेमिंग्टन मात्र या कामासाठी सगळ्यात समजूतदार निवड आहे. पंचावन्न ग्रेनची गोळी, नळीशी ३,२४० फूट सेकंदाला, आणि तीनशे यार्डांवरही पावणेसहाशेच्या आसपास फूट-पाउंड. काडतुसं गावोगावी मिळतात, धक्का कमी बसतो, त्यामुळे गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते. दोनशे चार रुगर तिच्याहून सपाट उडते, फक्त बत्तीस ग्रेनऐवजी चाळीस ग्रेनची गोळी घ्या. बावीस-अडीचशे सगळ्यांत दांडगी, पण नळी लवकर तापते आणि झिजतेही लवकर. जुन्या बावीस-अडीचशेच्या नळीतल्या खाचांचा पीळ बहुधा चौदा इंचांना एक फेरा असा असतो, तिच्यात लांब जड गोळ्या घालू नका, त्या स्थिर उडत नाहीत.

ताकदीचे हे आकडे झाले, पण पल्ला खरा ठरतो तो वाऱ्यावर. पश्चिम टेक्सासात वारा नाही असा दिवस क्वचित. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील तर वारा ताशी दहा मैलांच्या आसपास आहे असं समजा. असा वारा आडवा असेल तर दोनशे तेवीसची पंचावन्न ग्रेनची गोळी शंभर यार्डांवर इंचभर सरकते, दोनशेवर चार इंच आणि तीनशेवर नऊ-साडेनऊ इंच. वाटीची त्रिज्या दोन इंच. म्हणजे वारा लक्षातच घेतला नाही तर दोनशे यार्डांवर मधोमध धरलेला नेम पोटात जातो. आणि लक्षात घेतला तरी तुमचा अंदाज पाच मैलांनी चुकला तर दोनशेवर गोळी वाटीच्या काठावर पडते आणि तीनशेवर बाहेर. सतरा एचएमआरला तोच वारा शंभर यार्डांवरच चार इंचांच्या आसपास ढकलतो. म्हणून प्रत्येक रायफलीसाठी दोन अंतरं ठरवा, एक शांत हवेचं आणि एक वाऱ्याचं. दोनशे तेवीससाठी मी अडीचशे आणि पावणेदोनशे धरतो. वाऱ्याचा अंदाज आपण बसलोय तिथला नव्हे, जनावर उभं राहील तिथल्या गवतावरून घ्यायचा. मध्ये ओढा किंवा खोलगट असेल तर दोन्हीकडचं गवत वेगवेगळ्या दिशेला झुकलेलं दिसतं, तेव्हा सरळ लहान अंतर धरा.

निघण्याआधी एक दिवस मैदानावर घालवा. दोनशे तेवीसची रायफल दोनशे यार्डांवर झिरो करा. मग शंभरच्या पुढे गोळी दीड-पावणेदोन इंच वर असते आणि सव्वादोनशेपर्यंत वाटीच्या मधोमध धरलं तरी ती वाटीतच पडते, वर-खाली मोजत बसावं लागत नाही. काडतुसांची पेटी बदलली तर झिरो पुन्हा तपासा, कंपनी तीच असली तरीही. हे टेबलावर बसून, वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून झालं की टेबल सोडा. आता जाडं जाकीट घाला, जमिनीवर बसा, काठ्यांच्या आधारावर रायफल ठेवा, उभ्या-उभ्या पन्नास उठाबशा काढून श्वास वाढवा आणि मग पुठ्ठ्यावरच्या वाटीत दहा गोळ्या झाडा. दहाच्या दहा आत बसतात ते अंतर तुमचं. नऊ बसल्या तर पंचवीस यार्ड पुढे या आणि पुन्हा करा. रायफलची ताकद, वारा आणि तुमचा हात, या तिघांत जे अंतर सगळ्यात लहान निघेल तेवढाच तुमचा पल्ला. तो आकडा कागदी चिकटपट्टीवर मार्करने लिहून दस्त्यावर, गालाला लागेल अशा जागी चिकटवा. थंडीत बोटं बधिर झालेली असतात, छाती धडधडत असते, कायोट दोनशे ऐंशीवर उभा राहून तुमच्याकडे बघत असतो, आणि मनात 'जमेल' असं येतं. त्या वेळी नजरेसमोर तो आकडा पाहिजे.

जमीन जवळजवळ सगळी खाजगी आहे, तेव्हा मालकाशी आदल्या दिवशी बोलून घ्या आणि चार गोष्टी नेमक्या विचारा. कुंपण कुठवर, घरं आणि पाण्याच्या टाक्या कुठे, दुसरं कुणी आज फिरणार आहे का, आणि राखणीची कुत्री किती, कोणत्या रंगाची. पांढरी ग्रेट पिरेनीज चटकन ओळखू येतात, पण पिंगट ॲनाटोलियन पहाटेच्या अंधुक उजेडात फसवू शकतो. ओळख पटल्याशिवाय चापावर बोट नको. रात्री थर्मल, म्हणजे अंगाची उष्णता दाखवणाऱ्या, दुर्बिणीतून शिकार करणार असाल तर ठरवलेलं अंतर निम्मं करा, कारण त्या चित्रात अंतर कळत नाही आणि मागे काय आहे तेही नीट कळत नाही. साध्या पॉइंट टू टूच्या पेटीवरही सव्वा-दीड मैलापर्यंत धोका असल्याचा इशारा छापलेला असतो. गोळीच्या मागे मातीचा उतार हवाच. टेकडीच्या कण्यावर, आकाशाला टेकून उभ्या असलेल्या जनावरावर कधीही झाडू नका.

जागेवर बसलात की कॉल, म्हणजे कायोटला बोलावणारा सावजाचा आवाज, लावण्याआधी अंतरं मोजून घ्या. गवतातल्या कायोटवरून लेझर नीट परतत नाही, म्हणून मेस्कीटचं झुडूप, कुंपणाचा कोपरा, पांढरा दगड अशा खुणा धरा आणि आपल्या पल्ल्याची रेघ मनात आखा. रेघेपलीकडचा कायोट म्हणजे अजून न आलेला कायोट. आणि तो येतो! शिकार जवळ आणणं हीच या खेळातली खरी विद्या आहे, लांब मारणं नव्हे. इलेक्ट्रॉनिक कॉल आपल्यापासून चाळीस-पन्नास यार्डांवर, वारा आडवा मिळेल असा ठेवा, कारण कायोट आवाजाच्या वाऱ्याखालच्या बाजूला वळसा घालून वास घेतो आणि तो वळसा तुमच्या पल्ल्यात पडायला हवा. जखमी सशाचा आवाज आधी हळू लावा, कुणी जवळच असेल तर तो मोठ्या आवाजाने बिचकतो. पंधरा-वीस मिनिटं हलू नका. धावत येणाऱ्यावर झाडायचं नाही, तोंडाने एकदा भुंकल्यासारखं करा, तो थबकतो. तो एखाद-दुसरा क्षण पुरतो.

गोळी झाडल्याबरोबर दुसरी भरा आणि दुर्बिणीतून नजर काढू नका. पडलेला कायोट उठू शकतो. तो पळाला तर कुठल्या झुडपाशी शेवटचा दिसला ते पक्कं करा, जिथे उभा होता तिथे केशरी फीत बांधा आणि रक्ताचा माग सापडेपर्यंत दुसरी जागा धरू नका. त्यासाठी पिशवीत फीत, टॉर्च, पाणी आणि दोन तास जास्तीचे ठेवूनच निघा. मेलेल्या जनावराला उघड्या हाताने शिवू नका. दक्षिण टेक्सासात १९८८पासून कायोटमध्ये रेबीजची मोठी साथ होती, ती आटोक्यात आणायला १९९५पासून विमानातून लसीची आमिषं टाकावी लागली. आज ती साथ नाही, पण गोचिड्या, पिसवा आणि खरूज आहेतच, म्हणून रबरी हातमोजे आणि जाड प्लास्टिकची पिशवी घ्या. परत फिरताना मालकाला किती मारले, कुठे मारले आणि एखादा जखमी होऊन निसटला असेल तर कोणत्या दिशेला गेला, हे सांगूनच फाटक लावा.