केवळ मांसाहारावर दीर्घकाळ राहताना आरोग्याच्या चाचण्यांची नोंद कशी ठेवावी

धान्य, डाळी, भाज्या आणि फळे पूर्णपणे सोडून केवळ मांस, मासे आणि अंडी यांवर राहणारी व्यक्ती आपली प्रकृती बहुधा दोनच गोष्टींवरून जोखते: वजन आणि अंगातला उत्साह. या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, परंतु रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचत जाणारे कोलेस्टेरॉल, हाडांतून कमी होणारे कॅल्शियम किंवा यकृतात साठणारे लोह यांविषयी त्या काहीच सांगत नाहीत, कारण हे बदल वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता होत राहतात. असा आहार घ्यावा की नाही, हा येथील विषय नाही. तो घ्यायचे ज्यांनी ठरवले आहे, त्यांनी मोजमाप कसे करावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिली पायरी: आहार बदलण्यापूर्वीच्या चाचण्या

आहार सुरू केल्यानंतर केलेल्या पहिल्या चाचणीची तुलना करायला काहीच नसते, म्हणून सुरुवातीच्या आधीच संपूर्ण तपासणी करून घ्यावी. तीत रक्ताची संपूर्ण गणना, लिपिड प्रोफाइल (रक्तातील चरबीची तपासणी), एपो-बी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरील प्रथिन), उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी), यकृत आणि मूत्रपिंड यांच्या चाचण्या, युरिक ॲसिड, फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहणारे प्रथिन किती टक्के भरलेले आहे), टीएसएच (थायरॉइडची चाचणी), ड जीवनसत्त्व आणि लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन जाते ते दाखवणारे) यांचा समावेश असावा. लायपोप्रोटीन-ए ही (हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या एका कोलेस्टेरॉलवाहक कणाची) चाचणी आयुष्यात एकदा केली तरी सहसा पुरते, कारण तिचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते.

मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करूच नये. कर्बोदके बंद झाल्यावर काही दिवसांतच साखर आणि रक्तदाब उतरू शकतात, आणि इन्सुलिनचा किंवा सल्फोनिलयुरिया गटातील (इन्सुलिन वाढवणाऱ्या) औषधांचा जुनाच डोस तेव्हा धोकादायक ठरतो. एसजीएलटी-२ गटातील (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधे घेणाऱ्यांमध्ये तर साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्लधर्मी कीटोन धोकादायक प्रमाणात साचणे) होऊ शकतो.

दुसरी पायरी: मर्यादा आधीच लिहून ठेवणे

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि नेमकी हीच सर्वाधिक टाळली जाते. कोणता आकडा किती झाल्यास आपण आहारात काय बदल करू, हे डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवातीलाच लेखी ठरवावे. आहार एकदा मानवला, सवयीचा झाला, की वाढलेल्या प्रत्येक आकड्यासाठी काही ना काही स्पष्टीकरण सापडते, आणि त्या वेळी मर्यादा ठरवायला बसलेली व्यक्ती निःपक्षपाती राहत नाही.

तिसरी पायरी: खाण्याची नोंद

‘मांस खाल्ले’ एवढी नोंद पुरत नाही. आर्क्टिक प्रदेशाचे संशोधक विल्यालमुर स्टेफान्सन आणि त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांसावर राहण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग सुरू केला, त्यात आरंभी स्टेफान्सन यांना चरबीविरहित मांसच दिले गेले. ते लवकरच आजारी पडले आणि आहारात चरबी वाढवल्यावर बरे झाले. दोनच माणसांवरचा आणि एकाच वर्षाचा हा प्रयोग दीर्घकालीन सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही, पण मांसाचा कोणता भाग आणि किती चरबी, यांवर परिणाम बदलतो हे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून प्राण्याचा प्रकार, अंदाजे वजन, चरबीचे प्रमाण, अंडी, यकृतासारखे अवयव आणि मीठ यांची नोंद ठेवावी. प्रक्रिया केलेले मांस वेगळे लिहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याचा समावेश निश्चित कर्करोगकारक गटात केला आहे.

चौथी पायरी: नमुना देण्याची शिस्त

सुरुवातीनंतर ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी आणि पुढे सर्व स्थिर असल्यास वर्षातून एकदा, हे वेळापत्रक बहुतेकांना पुरते. वजन वेगाने उतरत असताना एलडीएल (‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) तात्पुरते वाढू शकते, त्यामुळे वजन स्थिरावल्यानंतरचा अहवाल अधिक विश्वासार्ह असतो. प्रत्येक वेळी शक्यतो तीच लॅब, तीच सकाळची वेळ आणि सुमारे १२ तासांचा उपास ठेवावा. आधीचे दोन दिवस जोरदार व्यायाम टाळावा, कारण त्याने एएसटीसारखी, यकृताप्रमाणे स्नायूंतही असणारी एन्झाइमे वाढतात आणि यकृतात बिघाड झाल्याचा भास होतो. सर्दी-तापातून उठल्याबरोबर चाचणी करू नये. बायोटिनच्या (केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या घेत असल्यास लॅबला तसे सांगावे. थायरॉइडच्या काही चाचण्या त्यांमुळे चुकतात.

घरी मोजायचा रक्तदाबही याच काटेकोरपणे मोजावा: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ एकेका मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे आठवडाभर मोजून सरासरी काढावी.

पाचवी पायरी: आकडे वाचणे

लिपिडच्या अहवालात या आहारावर पुष्कळदा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक चरबी) उतरलेले, एचडीएल (‘चांगले’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) वाढलेले आणि एलडीएलही वाढलेले दिसते. सडपातळ व्यक्तींमध्ये एलडीएलची वाढ फार मोठी असू शकते. पहिले दोन आकडे चांगले असल्यामुळे तिसऱ्याकडे दुर्लक्ष करावे, हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्यांचे एलडीएल जनुकीय कारणामुळे जन्मापासून जास्त असते, अशांमध्ये हृदयविकार लवकर होतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांचे इतर आकडे उत्तम असतात. अनेक लॅब एलडीएल थेट न मोजता सूत्राने काढतात, म्हणून सोबत एपो-बी पाहावे: रक्तवाहिनीत घुसू शकणाऱ्या प्रत्येक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो, त्यामुळे ती चाचणी कणांची संख्या दाखवते. १९० मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या पुढचे एलडीएल किंवा १३० च्या पुढचे एपो-बी घेऊन पुढील वार्षिक चाचणीची वाट पाहत बसणे योग्य नाही. तरुण वयात हृदयाच्या सीटी स्कॅनवर कॅल्शियम स्कोअर (रक्तवाहिन्यांतील कठीण झालेल्या साक्याचे माप) शून्य आला, तरी अजून कठीण न झालेला मऊ साका नाही असे त्यातून सिद्ध होत नाही.

साखरेबाबत एक घोळ नेहमी होतो. कर्बोदके न घेणाऱ्यांची उपाशीपोटीची साखर थोडी वाढलेली दिसू शकते, म्हणून ती एकटी न पाहता एचबीए१सीसोबत पाहावी, ५.७ टक्क्यांपासून मधुमेहपूर्व स्थिती आणि ६.५ पासून मधुमेह मानतात. ग्लुकोज पिऊन करायची चाचणी सांगितली गेल्यास आहाराची कल्पना आधी द्यावी, कारण तिच्यापूर्वी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके घेतलेली नसतील, तर निकाल चुकीने वाढलेला येतो.

मूत्रपिंडाच्या चाचणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) फसवते. शिजवलेल्या मांसातील क्रिएटिनपासून क्रिएटिनिन तयार होते आणि जेवणानंतर काही तास रक्तात वाढलेले राहते. आदल्या रात्रीचे जेवण हलके ठेवून चाचणी पुन्हा करावी आणि शंका राहिल्यास सिस्टॅटिन-सी (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे प्रथिन) मोजावे, त्यावर मांसाच्या जेवणाचा परिणाम जवळजवळ होत नाही. युरिया वाढणे भरपूर प्रथिनांमुळे अपेक्षितच असते. लघवीत अल्ब्युमिन जाणे मात्र अपेक्षित नाही, ते ३० मिग्रॅ प्रति ग्रॅमच्या वर गेल्यास तपास व्हायला हवा. युरिक ॲसिड पहिल्या काही आठवड्यांत वाढते, कारण कीटोन (कर्बोदके नसताना चरबीपासून तयार होणारे पदार्थ) त्याच्या उत्सर्जनात अडथळा आणतात. पुढेही ते ६.८ मिग्रॅ प्रति डेसिलिटरच्या वर राहिले तर सांध्यांत स्फटिक जमण्याचा धोका राहतो. मूतखडा पूर्वी होऊन गेला असेल, तर २४ तासांच्या लघवीची चाचणी करून घ्यावी.

रक्तातील कॅल्शियमचा सामान्य आकडा पाहून कोणीही निश्चिंत होऊ नये. दूध-चीज न घेणाऱ्यांना मांसातून १०० ग्रॅममागे जेमतेम १० ते २० मिग्रॅ कॅल्शियम मिळते, तर प्रौढाची रोजची गरज सुमारे १००० मिग्रॅ असते. ही तूट शरीर हाडांतून भरून काढते आणि रक्तातली पातळी कायम राखते. पॅराथायरॉइड संप्रेरक (हाडांतून कॅल्शियम काढणारे), ड जीवनसत्त्व आणि काही वर्षांनी हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी यांवरूनच खरी स्थिती समजते.

फेरिटिन वाढलेले असल्यास सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) सोबत पाहावे, कारण शरीरात दाह असतानाही ते वाढते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन उपाशीपोटी ४५ टक्क्यांहून जास्त असल्यास लोहसंचयाच्या आनुवंशिक विकाराचा विचार करावा लागतो. यकृत वारंवार खाणाऱ्यांनी अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचे भान ठेवावे आणि गर्भवतींनी ते टाळावे. हिरड्यांतून रक्त येणे, सहज काळेनिळे डाग पडणे, जखमा लवकर न भरणे ही क जीवनसत्त्वाच्या कमतरतेची चिन्हे असू शकतात. त्यांसाठी पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये.

सहावी पायरी: आकडा मर्यादेबाहेर गेल्यास

एका अहवालावरून निर्णय घेऊ नये, आणि एका अहवालाकडे डोळेझाकही करू नये. तीच चाचणी दोन-तीन आठवड्यांत, त्याच परिस्थितीत पुन्हा करावी. दुसरा आकडाही तसाच आल्यास लिहून ठेवलेला बदल अमलात आणावा. एलडीएलच्या बाबतीत तो बदल चरबीयुक्त मांसाऐवजी मासे घेण्याचा, काही कर्बोदके परत आणण्याचा किंवा औषधाचा असू शकतो. एका वेळी एकच बदल करावा, त्याची तारीख नोंदवहीत टाकावी आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून घ्यावे.