विक्री जाहिरातीने वाढली की दिवाळीने? एक्सेलला विचारा

दिवाळीच्या तोंडावर आपण जाहिरातीचा खर्च वाढवतो आणि विक्री तर तेव्हा तशीही वाढतेच, मग श्रेय कुणाला द्यायचं? वर्ष-दोन वर्षांचे आठवड्यावार आकडे एक्सेलमध्ये टाका, एका कॉलममध्ये विक्री, शेजारी जाहिरातीचा खर्च, आणि तिसऱ्यात सणाचा आठवडा असेल तर १ नाहीतर ०. हा तिसरा कॉलम बरेच जण टाकतच नाहीत आणि मग सणाची विक्रीपण जाहिरातीच्या खात्यात जमा होते.

आता एक्सेलमधलं अ‍ॅनालिसिस टूलपॅक हे अ‍ॅड-इन चालू करून रिग्रेशन रन करा, म्हणजे विक्रीतला किती बदल खर्चासोबत जातो आणि किती सणासोबत, हे एक्सेल वेगवेगळं काढून देईल. सगळे आर स्क्वेअर (विक्रीतल्या चढउताराचा किती भाग या कॉलमांवरून समजतो तो आकडा) बघून खूश होतात, तुम्ही खर्चाच्या ओळीतला कोइफिशंट, म्हणजे एका रुपयाच्या खर्चामागे विक्री किती बदलते तो आकडा, बघा. समजा २.५ आला, म्हणजे सण बाजूला काढून जाहिरातीच्या एका रुपयामागे विक्री अडीच रुपयांनी जास्त दिसतेय, पण मार्जिन ३० टक्के असेल तर हातात पंच्याहत्तर पैसेच, म्हणजे तोटाच की!

त्याच ओळीतली पी-व्हॅल्यू (जाहिरातीचा काहीच संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा येण्याची शक्यता) ०.०५ च्या वर आली तर जाहिरात फुकट गेली असं नाही हं, एवढ्या डेटावरून सांगता येत नाही इतकंच. अशा वेळी बजेट लगेच वाढवू पण नका, सारख्या विक्रीच्या दोन एरियांपैकी एकात महिनाभर जाहिरात बंद ठेवून फरक बघा.