भूल देताना दात जपण्यासाठी

संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी भूलतज्ज्ञ डाव्या हातात लॅरिंगोस्कोप (घशात पाहण्याचे पात्याचे उपकरण) धरतो आणि त्याच्या पात्याने जीभ बाजूला सारून जबडा वर उचलतो. हे पाते तरफेसारखे वरच्या दातांवर टेकवायचे नसते, हे आम्ही नवीन डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगतो. तरीही इजा सर्वाधिक होते ती वरच्या पटाशीच्या दातांनाच, आणि त्यातही आधीच हलणाऱ्या, किडलेल्या किंवा टोपी बसवलेल्या दाताला.

म्हणून भूलपूर्व तपासणीत दातांविषयी काही लपवू नये. गोव्यातल्या पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातून येणाऱ्या आजीबाई जावयासमोर कवळी काढायला लाजतात आणि ती तोंडात ठेवूनच शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत येतात. कवळी वॉर्डमध्येच काढून, नाव लिहिलेल्या झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवून नातेवाइकांकडे द्यावी. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर हलणारा दात आधी दंतवैद्याला दाखवावा. बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाच्या शेजारीच गोवा दंत महाविद्यालय आहे. सुपारी किंवा गुटख्याने तोंड पुरेसे उघडत नसेल, तर तेही सांगावे, कारण अशा वेळी कॅमेऱ्याचा लॅरिंगोस्कोप तयार ठेवता येतो. सहा-सात वर्षांच्या मुलाचा दुधाचा दात अगदी लोंबत असेल, तर आम्ही पालकांच्या संमतीने तो भूल दिल्यावर काढून टाकतो, किंवा त्याला रेशमी दोरा बांधून दोऱ्याचे टोक गालावर चिकटवतो, म्हणजे तो निसटला तरी घशात जात नाही.

दात तुटतात ते केवळ नळी घालतानाच, असे नाही. शुद्धीवर येताना रुग्ण नळी करकचून चावतो, म्हणून आम्ही दाढांमध्ये गॉजची घट्ट गुंडाळी ठेवतो. पुढच्या दातांमध्ये कठीण वस्तू ठेवणे टाळावे.

एवढे करूनही दात निखळला, तर सर्वांत आधी तो शोधायचा. तोंडात, चादरीवर, तोंडातली लाळ ओढून घेणाऱ्या सक्शनच्या बाटलीत सापडला नाही, तर मान, छाती आणि पोटाचा एक्स-रे काढावाच लागतो. तो श्वासनलिकेत उतरलेला दिसल्यास ब्रॉन्कोस्कोपने (श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने) बाहेर काढतात. सापडलेला कायमचा दात मुळाला हात न लावता, एरवी तोंडात दिसणाऱ्या भागाने धरावा, घासू नये, दुधात किंवा सलाइनमध्ये ठेवून दंतवैद्याला लगेच बोलवावे, कारण अर्ध्या ते एका तासात तो परत बसवला तरच टिकण्याची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. घडलेले सर्व केसपेपरवर नोंदवावे आणि रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर भूलतज्ज्ञाने स्वतः त्याला सांगावे; हे काम नर्सवर ढकलू नये.